मुंबईहून आलेलं इंजेक्शन आणि औषधांची आडनावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६२ वर्षांचे, देवगडजवळ कलमांची बाग, वजन ९४ किलो, चौदा वर्षांची शुगर. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ९.१. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४. रोज ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची जोडगोळी, सिटाग्लिप्टिन, बीपीला टेल्मिसार्टन. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यात डॅपाग्लिफ्लोझिनची नवी गोळी घातली. तेवढ्यात भाऊ मुंबईहून टिर्झेपेटाइड या इंजेक्शनच्या चार बाटल्या घेऊन आला, ऑफिसातल्या कुणाचं तरी वजन उतरलं म्हणून. तुम्ही विचारता, ही नवी औषधं करतात तरी काय, आणि नवीन म्हणून घ्यायची की नवीन म्हणून टाळायची. बाबांचा प्रश्न वेगळाच: यंदा हापूस खायचा की नाही?

आधी एक काम. इंजेक्शन अजून दिलं नसेल तर या आठवड्यात देऊ नका. बाटल्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात राहू द्या. का ते पुढे येतंच.

आपल्याकडे आडनाव ऐकलं की गाव कळतं. कुडाळकर म्हटलं की कुडाळ, वेंगुर्लेकर म्हटलं की वेंगुर्ला, मग तो माणूस तीन पिढ्या परळला का राहिलेला असेना. औषधांचंही तसंच. खोक्यावर ठळक छापलेलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, ते बाजूला ठेवा. त्याखाली बारीक अक्षरांत मूळ नाव असतं आणि त्याचं शेपूट जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार ठरतं. ‘-ग्लिप्टिन’ हे एक घराणं, ‘-ग्लिफ्लोझिन’ दुसरं, ‘-ग्लुटाइड’ तिसरं. ‘-सार्टन’ बीपीचं, ‘-स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलचं. शेवटी ‘-मॅब’ असलं की कारखान्यात पेशींकडून बनवून घेतलेली प्रतिपिंडं, कर्करोगापासून दम्यापर्यंत हल्ली सगळीकडे दिसतात. उद्या कुठलंही नवं औषध आलं तरी शेपूट बघून तुम्हाला निम्मी ओळख पटेल.

उरलेली निम्मी ओळख म्हणजे ते शरीरात कुठलं एक काम करतं. मी कोकणात सव्वीस वर्षं फिजिशियन म्हणून बसते, आणि पेशंटला मी एवढंच पाठ करायला लावते. गुण आणि त्रास ही औषधाची दोन वेगळी खाती नसतात. ज्या कामाने गुण येतो त्याच कामाने बहुतेक वेळा त्रासही होतो. काम कळलं की कधी घ्यायचं हे कळतं आणि कधी थांबवायचं हेही.

डॅपाग्लिफ्लोझिन घ्या. मूत्रपिंडं दिवसभरात साधारण १८० ग्रॅम साखर गाळतात आणि ती जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतात. निरोगी माणसाच्या लघवीत साखर सापडत नाही ती यामुळे. परत ओढणारा जो मुख्य पंप आहे त्याचं नाव एसजीएलटी-२. ग्लिफ्लोझिन घराण्यातली औषधं हा पंप अडवतात आणि मग रोज साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाते. कल्पना जुनीच. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी फ्लोरायझिन नावाचा पदार्थ काढला, तो हेच करायचा, पण गोळी म्हणून चालण्यासारखा नव्हता. त्याची सुधारलेली नातवंडं आज मेडिकलमध्ये मिळतात.

आता या एका कामातून काय काय निघतं बघा. लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर चार प्लस येणार. लॅबवाला घाबरवतो, तुम्ही घाबरू नका, ते औषध काम करत असल्याची खूण आहे. माझ्या एका पेशंटने येऊन सांगितलं, परसात जिथे लघवीला बसतो तिथे मुंग्यांची रांग लागते. त्याला वाटलं रोग बळावला. जिथे साखर तिथे बुरशी, म्हणून जांघेत आणि लघवीच्या जागी खाज येते, बायकांना जास्त. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे नीट वाळत नाहीत तेव्हा तर हमखास. लघवी झाल्यावर पाण्याने धुवून कोरडं करणं हा अर्धा उपाय. साखर जाताना पाणी आणि थोडं मीठही घेऊन जाते, म्हणून बीपी किंचित उतरतं, हृदयावरचा भार हलका होतो. याच पाण्यामुळे लावणीच्या दिवसांत किंवा बोटीवर उन्हात राबणाऱ्याला गरगरतं.

गंमत अशी की शुगरचं म्हणून आलेलं हे औषध हृदयाचं आणि मूत्रपिंडांचं म्हणून जास्त नावाजलं. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांवरची मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, मूत्रपिंडांवरची २०२०मध्ये. दुसरीत मूत्रपिंडं बरीच खालावणं, निकामी होणं, किंवा मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या आजाराने मृत्यू, यांपैकी काही घडलेले रुग्ण साध्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवर शंभरात साडेचौदा होते, डॅपाग्लिफ्लोझिनवर नऊ. आणि त्यात शुगर नसलेलेही रुग्ण होते. बाबांचं क्रिएटिनिन १.४ म्हणजे या वयाला मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता ५७ च्या आसपास, थोडी कमीच. तुमच्या डॉक्टरांनी ही गोळी बहुधा शुगरपेक्षा यासाठी सुरू केली आहे आणि माझ्या मते योग्य केलं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर जातं, कारण गाळणीवरचा दाब कमी होतो. तेवढ्यावरून गोळी बंद करणारे लोक मी पाहिलेत. एकचतुर्थांशापेक्षा जास्त वाढलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

या घराण्याचा एक धोका नीट समजून घ्या, कारण तो ग्लुकोमीटरवर दिसत नाही. जेवण बंद पडलं की शरीर चरबी जाळायला घेतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. ग्लिफ्लोझिन चालू असेल तर साखर लघवीतून निघून जात असते, म्हणून मीटरवर आकडा साधाच दिसतो आणि माणूस आतून आंबत जातो. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या आठवड्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. दोन दिवस उलट्या, पोटात फक्त कोरा चहा. मीटरवर १६८. मी पित्त म्हणून सलाइन लावलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. आमच्या सिस्टरने हाक मारली, “बाई, ह्यांचो श्वास बघा जरा.” लांब, खोल, भात्यासारखा श्वास. लघवीची पट्टी बुडवली तर कीटोनच्या चौकोनाने गर्द जांभळा रंग धरला. तासाभरात त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं, वाचल्या. गोळ्यांची पिशवी मी आधी उघडून बघितली असती तर तो पाऊण तास गेला नसता. तेव्हापासून ही गोळी लिहिताना मी चिठ्ठीच्या मागे लिहून देते: उलट्या, जुलाब, ताप, जेवण बंद, त्या दिवशी ही गोळी बंद. मेटफॉर्मिनही बंद. पूर्ववत जेवायला लागल्यावर पुन्हा सुरू. निर्जळी उपास असेल तरी बंद. ऑपरेशन ठरलं असेल तर तीन दिवस आधीपासून बंद, आणि दाताचं मोठं काम असलं तरी डॉक्टरांना आधी सांगा.

किमतीचं म्हणाल तर हे घराणं आता गरिबाच्या आवाक्यात आलंय. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट इथे २०२० मध्येच संपलं. एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी महिन्याभरात कित्येक कंपन्यांची दहा-पंधरा रुपयांच्या आत मिळू लागली. माझ्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली मोठी बातमी ही, पण तिचे व्हिडिओ कोणी फिरवत नाही.

फिरतात ते इंजेक्शनचे. तर आता भावाच्या बाटल्यांकडे वळू.

जेवण आतड्यात पोचलं की आतड्याच्या भिंतीतून एक संदेश सुटतो, जीएलपी-१ नावाचा. तो स्वादुपिंडाला सांगतो इन्सुलिन सोड, जठराला सांगतो जरा दमाने, आणि मेंदूला सांगतो पोट भरलं. पण हा निरोप्या अल्पायुषी. डीपीपी-४ नावाचं विकर त्याला दोनेक मिनिटांत कापून टाकतं. बाबांची सिटाग्लिप्टिन, म्हणजे ग्लिप्टिन घराणं, त्या विकराचे हात बांधतं, म्हणजे शरीराचा स्वतःचा जीएलपी-१ थोडा जास्त टिकतो. गुण माफक, त्रास कमी.

दुसरी वाट अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतून सापडली. त्याच्या विषात जीएलपी-१ सारखाच एक रेणू होता आणि आपलं विकर त्याला सहज कापू शकत नव्हतं. त्यावरून एक्झेनाटाइड झालं, २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर, दिवसातून दोनदा टोचायचं. मग लिराग्लुटाइड, दिवसातून एकदा. मग सेमाग्लुटाइड: रेणूला स्निग्धाम्लाची एक लांब शेपटी जोडली, ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते आणि औषध त्याच्या पाठीवर बसून आठवडाभर फिरतं. म्हणून आठवड्यातून एकच टोचणी. टिर्झेपेटाइड आणखी एक पाऊल पुढे जातं. ते जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या आतड्याच्या संदेशाचीही नक्कल करतं. एका किल्लीने दोन कुलपं. अमेरिकेत मे २०२२ मध्ये मंजूर झालं, भारतात बाजारात आलं मार्च २०२५ मध्ये.

औषध जोरदार आहे यात वाद नाही. एचबीएवनसी दोनच्या आसपास अंकांनी उतरतं. वजनाबाबत मात्र व्हिडिओतला आकडा तुमचा नव्हे. शुगर नसलेल्या स्थूल लोकांत सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत सरासरी २१ टक्के वजन घटलं. शुगर असलेल्यांत तेच १३ ते १५ टक्के. म्हणजे बाबांनी टिकवून घेतलं तर बारा-चौदा किलो, दीड वर्षात. सहा आठवड्यांत भावाच्या सहकाऱ्यासारखं काही होईल ही अपेक्षा धरू नका.

आणि तेच काम, दुसऱ्या टोकाने. जठर मंदावतं म्हणून मळमळ, उलटी, ढेकर, बद्धकोष्ठ. भूक मरते म्हणून जेवणच नको होतं. मालवणच्या एका बोटवाल्या पेशंटने मला सांगितलं, “डॉक्टरबाई, माका बांगड्याचो वासपण नको झालो.” बांगडा नको म्हणणारा मालवणी माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच बघितला. तो महिनाभर पेजेवर राहिला, आठ किलो उतरला, आणि बोटीवर दोर ओढताना हात लटपटायला लागले. घटणाऱ्या वजनात साधारण पाव वाटा चरबीव्यतिरिक्त भागाचा असतो, त्यात स्नायू आले, आणि साठीनंतर गेलेला स्नायू सहज परत येत नाही. म्हणून या इंजेक्शनवर असलेल्याने ताटात उलट क्रम धरायचा: आधी मासा, अंडं किंवा कुळथाची पिठी, मग भाजी, भात उरलेल्या भुकेला.

पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून कळ पाठीत गेली तर स्वादुपिंडाची सूज असू शकते, लगेच दवाखान्यात. पित्ताचे खडे वाढतात. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर हे औषध नकोच. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं, कारण उपाशी असूनही जठरात अन्न असू शकतं.

बाबांच्या बाबतीत अडचणी नेमक्या कुठे आहेत ते सांगते.

एक, तुम्ही पाठवलेल्या फोटोत बाटलीवर ५ मिग्रॅ लिहिलंय. सुरुवात अडीचने होते, चार आठवडे, केवळ शरीराला सवय व्हावी म्हणून. पाचने सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी बाबा बादली घेऊन बसतील आणि औषध वाईट ठरेल. शिवाय बाटली एका वेळेची, पूर्ण अर्धा मिली. अर्धी आज, अर्धी पुढच्या आठवड्यात असला हिशेब मुंबईत काही जण करतात, तो करू नका. टोचून ठेवलेल्या बाटलीत जंतू शिरतात.

दोन, सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंज मिळतात, लाल टोपीची ४० ची आणि नारिंगी टोपीची १०० ची. अर्धा मिली म्हणजे लाल टोपीवर २० ची रेघ, नारिंगीवर ५०ची. कुणी फोनवर “पन्नासपर्यंत ओढ” सांगितलं आणि घरात लाल टोपीची असली तर ५० ची रेघ सापडणारच नाही. मग माणूस सिरिंज पूर्ण भरायला बघतो आणि दुसरी बाटली फोडतो. हे कल्पनेतलं नाही, माझ्याकडे आलेलं आहे.

तीन, ग्लिमेपिराइड. ही जुनी, स्वस्त गोळी स्वादुपिंडाला पिळते, साखर कमी असली तरी पिळते. टिर्झेपेटाइडचं इन्सुलिन साखर चढल्यावरच सुटतं, म्हणून ते एकटं फारसं साखर पाडत नाही. दोन्ही एकत्र आणि वर भूक मेलेली, मग पहाटे घाम फुटून माणूस गार पडतो. इंजेक्शन सुरू करायचं तर त्याच दिवशी ग्लिमेपिराइड निम्मी किंवा बंद. सिटाग्लिप्टिनही बंद, त्याच वाटेवरचं कमकुवत औषध सोबत घेऊन काही फायदा नाही.

चार, डोळे. ९.१ वरून साखर झपाट्याने उतरली तर पडद्यावरचा जुना बिघाड उसळू शकतो. चौदा वर्षांच्या शुगरमध्ये बाबांचा पडदा कोणी तपासल्याचं तुमच्या फाईलमध्ये कुठेच दिसलं नाही. ते पहिलं.

फ्रिजबद्दल इतकं: दोन ते आठ अंश. कोकण रेल्वेने रात्रभर बॅगेत आलं म्हणून बिघडलेलं नाही, तीस अंशांखाली ते २१ दिवस टिकतं. पावसात चार-सहा तास लाईट गेली तरी फ्रिज उघडझाक न करता बंद ठेवला तर चालतं. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर मात्र गेलं. आणि सर्वांत जास्त बाटल्या बिघडतात त्या गोठून. आपल्या घरी फ्रीझर माशांचा असतो. जपून ठेवायचं म्हणून कुणीतरी बाटली सुरमईच्या पिशवीखाली सरकवतं, किंवा थर्मासमध्ये बर्फाला चिकटून आणतं. एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, पण उपयोगाचं नाही. फेकायचं.

खर्चही बोलायला हवा, कारण भाऊ एकदा आणतो, नंतर कोण? बाजारात आलं तेव्हा अडीचची बाटली ३,५०० आणि पाचची ४,३७५ रुपयांना होती, आठवड्याला एक. आणि थांबवलं की? ज्या चाचणीत आधी सगळ्यांना दिलं आणि मग निम्म्यांचं काढून घेतलं, त्यात काढून घेतलेल्यांचं वजन वर्षभरात १४ टक्के परत चढलं. म्हणून चार बाटल्यांचा कोर्स असा काही प्रकार नसतो. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, त्यामुळे या घराण्याचंही एम्पाग्लिफ्लोझिनसारखंच होईल असं मला वाटतं. बाबांना सहा महिने थांबायला लागलं तर काही बिघडत नाही.

“मंजूर झालंय ना, मग?” हा भावाचा मुद्दा. मंजुरी म्हणजे काय ते सांगते. आधी काही डझन लोकांवर, मग काही शेकड्यांवर, मग काही हजारांवर चाचणी, मग दिल्लीची केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना परवानगी देते. २०१९ च्या नियमांप्रमाणे मंजुरीनंतर चार वर्षं ते ‘नवीन औषध’च धरलं जातं आणि कंपनीला दुष्परिणामांचे अहवाल ठरावीक काळाने द्यावे लागतात. कारण साधं आहे. दहा हजारांत एकाला होणारा त्रास तीन हजारांच्या चाचणीत दिसेलच असं नाही. तो निदान एकदा तरी दिसेल याची बऱ्यापैकी खात्री हवी तर तीस हजार माणसं लागतात. वजनाच्या औषधांचा इतिहास याबाबत फार चांगला नाही. रिमोनाबँटने निराशा आणि आत्महत्येचे विचार वाढले, सिब्युट्रामिनने हृदयरोग्यांत झटके वाढले. भारताने पहिलं २००९ मध्ये आणि दुसरं २०११ मध्ये बंद केलं. दोन्ही एकेकाळी मंजूरच होती. सिब्युट्रामिन मीही दोघांना लिहून दिलं होतं.

आताच्या इंजेक्शनांची गोष्ट वेगळी आहे असं मी मानते, कारण इथे हृदयावरची परीक्षा झालेली आहे. सेमाग्लुटाइड १७,६०४ जणांच्या चाचणीत तपासलं गेलं, सगळे वजन जास्त असलेले हृदयरोगी, शुगर नसलेले. निकाल २०२३ मध्ये आला: झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू २० टक्क्यांनी कमी. हा वीसचा आकडा जाहिरातीत येतो. खरा हिशेब असा की सव्वातीन वर्षांत औषध नसलेल्या साध्या टोचणीवर शंभरात आठ जणांना असं झालं, औषधावर साडेसहा जणांना. दोन्ही वाक्यं खरी. दुसरं सांगितलं की माणूस नीट विचार करतो.

एखाद्या औषधाने त्रास झालाच तर डॉक्टरांना सांगाच, पण १८००-१८०-३०२४ हा औषध-दक्षता कार्यक्रमाचा फुकट फोनही आहे, पेशंट स्वतः कळवू शकतो. फार कमी लोक कळवतात. आम्ही डॉक्टरही आळशी.

पुढेमागे तुमच्या फाईलमध्ये येऊ शकतील अशी आणखी दोन नावं, घाईत. फिनेरेनोन: शुगरमुळे मूत्रपिंडातून प्रथिन गळत असेल तर देतात. अल्डोस्टेरोन या संप्रेरकामुळे होणारी सूज आणि व्रण ते अडवतं. त्याच कामामुळे शरीरात पोटॅशियम अडकून राहतं. आणि आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण हातात काय घेऊन येतो? शहाळं. शहाळ्याचं पाणी म्हणजे पोटॅशियमचं पाणी. टेल्मिसार्टनवर असलेल्या, क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला रोज दोन शहाळी घालणं मला आधीच पटत नाही. त्यात फिनेरेनोन आलं तर शहाळं सणासुदीपुरतं, आणि पोटॅशियमची तपासणी महिन्याच्या आत. दुसरं इन्क्लिसिरान, ‘-सिरान’ घराणं. यकृतात वाईट कोलेस्टेरॉल उचलणारे हात असतात, पीसीएसके-९ हे प्रथिन ते हात मोडून टाकतं. इन्क्लिसिरान त्या प्रथिनाची चिठ्ठीच फाडतं, म्हणजे ते बनतच नाही. पहिली टोचणी, दुसरी तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. हुशार औषध, महाग औषध. स्टॅटिन पुरेशा मात्रेत घेऊनही भागत नाही त्याच्यासाठी. बाबांच्या यादीत अजून साधं स्टॅटिनच नाही! बासष्टाव्या वर्षी, चौदा वर्षांच्या शुगरला, हे नव्या इंजेक्शनपेक्षा आधी विचारण्यासारखं आहे. रोसुव्हास्टॅटिन जेनेरिकमध्ये स्वस्तात मिळतं.

तर मी बाबांची डॉक्टर असते तर या क्रमाने गेले असते: डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, पोटॅशियम. डॅपाग्लिफ्लोझिन चालू. स्टॅटिन सुरू. तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी. ते आठच्या वरच राहिलं, पडदा ठीक असला आणि दर महिन्याचा खर्च घरात सगळ्यांना मान्य असला, तर टिर्झेपेटाइड, अडीचपासून, ग्लिमेपिराइड उतरवून. पण आंब्याच्या तोडणीच्या हंगामात सुरू करू नये. उन्हात झाडाखाली उभं राहायचं, त्यात मळमळ आणि डॅपाग्लिफ्लोझिनमुळे पाणी कमी. पावसाच्या तोंडावर, बाग शांत झाल्यावर सुरू करावं. भावाच्या बाटल्यांची मुदत खोक्यावर बघून ठेवा. पाचच्या आहेत, अडीचचा महिना संपल्यावर कामाला येतील.

राहिला हापूस. शंभर ग्रॅम गरात साधारण पंधरा ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम आंब्याचा गर म्हणजे जवळजवळ एक वाटी भात. बाबांना खाऊ दे, दुपारी, जेवणात, आणि तेवढा भात ताटातून उचलून. रस नको, फोडी. जेवण झाल्यावर वर गोड म्हणून नको, आणि पेटी उघडल्यावर “चव बघतो” म्हणून उभ्याने तीन नको. बागायतदाराला हे शेवटचं पाळणं सगळ्यांत अवघड, माझे वडीलही त्यातलेच होते.